उजवं पाखरू, डावं पाखरू

पटाशी जेवून कारखान्यात परत आली तेव्हा बाबा खिडकीखाली आडवे पडले होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला हात म्हणायची सोय राहिली नव्हती. बोटं पाचही होती, पण पाच दिशांना गेलेली. जबडा एका बाजूला सरकलेला. तोंडातून रक्त येत होतं आणि लाकडाच्या भुशात मुरत होतं. शेजारी वाळूच्या उशीवर बाबांचीच मोगरी पडली होती, कापडछपाईचे ठसे कोरताना हत्यारावर मारायची ती लाकडी मोगरी, चाळीस वर्षं वापरून मुठीपाशी झिजलेली. तिच्या तोंडाला पांढरे केस चिकटले होते.

ती किंचाळली ती अशी, की पलीकडच्या रंगखान्यातून तिचा नवरा धावत आला आणि रस्त्यावरून तिचा भाऊ.

आता हे पटाशी म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. पटाशी हे काही बाईचं नाव नव्हे. लाकूड कोरायचं हत्यार ते. पण ती आठ वर्षांची असल्यापासून बाबांच्या मांडीला मांडी लावून ठसे कोरत होती, आणि जीभ तर हत्याराहून धारदार, म्हणून सगळा कारखाना तिला पटाशी म्हणायचा आणि लांबूनच नमस्कार करायचा. भावाचं नाव ठोक्या. तो छापणारा. रंगात बुडवलेला ठसा कापडावर ठेवायचा आणि वरून मनगटाचा ठोका हाणायचा, दिवसाला दोन हजार वेळा. ठोका मारून मारून त्याचं मनगट लोखंडाचं झालं होतं, आणि डोक्याचंही तेच झालं होतं असं पटाशी त्याच्या तोंडावर म्हणायची. नवरा रंगारी. त्याला सगळे दाजी म्हणायचे. कोपरापर्यंत निळे हात, बोलणं कमी, बारा वर्षं या घरात राहून आवाज कधी चढला नाही. असला शांत माणूस माझ्या वाट्याला कसा आला, म्हणून पटाशी मैत्रिणींत तोरा मिरवायची.

आणि बाबांचं सांगायचं तर त्यांची वेल. डाळिंबाची वेल, एकेका वळणाला नऊ पानं, दोन फुलं, एक फळ. आजोबांनी कोरलेली. तीच वेल बाबांनी जन्मभर कोरली. आठ पानं नाहीत, दहा नाहीत. एकदा पटाशीनं हौसेनं दहावं पान काढलं तेव्हा बाबांनी तो ठसा उलटा धरून तिच्या बोटांवर मारला होता. "झाडाला वाट्टेल तेवढी पानं येऊ देत, आमच्या वेलीला नऊ," म्हणाले. विषय संपला.

वेलीच्या टोकाला पाखरू असायचं. ती घराची खूण. आजोबा वारले आणि बाबांचं नि काकांचं फाटलं तेव्हा ठसे वाटून घेतले, भांडीकुंडी वाटून घेतली, आणि पाखरूसुद्धा वाटून घेतलं. बाबांचं पाखरू कापडावर उजवीकडे बघणार, काकांचं डावीकडे. बाजारात लोक तेवढंच बघायचे. उजवं पाखरू म्हणजे आपलं, डावं पाखरू म्हणजे त्यांचं. कामाच्या एप्रनवर छातीशी तेच पाखरू छापलेलं. दोन घरं दोन गल्ल्या सोडून राहत होती आणि वीस वर्षं एकमेकांच्या मयतालाही गेली नव्हती.

तर असे हे बाबा आता भुशात पडले होते.

"कुणी केलं?" ठोक्या ओरडला. "बाबा! कोण होतं? सांगा!"

"अरे, त्यांचा जबडा मोडलाय, गाढवा! उचल आधी!" पटाशी म्हणाली.

तिघांनी मिळून त्यांना छापायच्या कापडाच्या झोळीत घेतलं. कोपऱ्यात सरस वितळवायची छोटी कोळशाची चूल धुमसत होती, आणि तिच्यातून लाकूड जळल्याचा वास येत होता. पटाशीला तो वास आला, आणि विसरलाही. अशा वेळी कोण चुलीत वाकून बघतंय? ठोक्यानं मात्र निघता निघता रक्ताळलेली मोगरी उचलून पिशवीत टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांचा हात बांधला, जबडा तारेनं आवळला, आणि बाहेर येऊन सांगितलं, "जगतील. हात मात्र गेला. आधी हातच फोडलाय कुणीतरी, ठरवून. डोक्यावर नंतर मारलंय."

आधी हात! पटाशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चोराला हात कशाला फोडायचा असेल? चोर डोक्यात घालतो आणि पळतो. कोरणाऱ्याचा उजवा हात फोडायचा हे ज्याला सुचलं, तो याच धंद्यातला.

"लांब्या," ठोक्या दात चावत म्हणाला.

लांब्या म्हणजे काकांचा मुलगा. ताडमाड उंच, काकांच्या कारखान्यात ठसे कोरायचा, आणि खरं सांगायचं तर झकास कोरायचा. गेल्याच आठवड्यात भर बाजारात तो हसत बोलला होता, की म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो, उजव्या पाखराला लकवा मारलाय. पाचपन्नास लोक खिदळले होते. ठोक्या त्याच दिवशी त्याच्या अंगावर जायचा, बाबांनीच धरून ठेवला.

"पुरावा काय?" दाजी हळूच म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता, निळे हात काखेत दाबून.

"तुम्ही गप बसा हो," पटाशी म्हणाली. "ही आमच्या घरातली गोष्ट आहे."

तो बाकावर जाऊन बसला.

तासाभरानं बाबांनी डोळे उघडले. ओठ हलवायला गेले, आणि तारेनं असे कळवळले की ठोक्याला तोंड फिरवावं लागलं. नर्सबाईनं पेन्सिल आणि तक्त्याचा कोरा कागद आणून त्यांच्या डाव्या हातात दिला. पण लिहिणार काय? बाबांना अक्षर ओळखता यायचं नाही. आयुष्यभर सहीच्या जागी त्यांनी पाखरू काढलं होतं.

बाबांची पेन्सिल कागदावर टेकली. हात डावा, तरी रेघ चुकली नाही. गोल पाठ. शेपटी. चोच. एक ठिपका, तो डोळा. जन्मभर काढलेलं पाखरू ते, त्याला कुठला हात आहे याची पर्वा नव्हती.

पाखरू डावीकडे बघत होतं.

"डावं!" ठोक्या ओरडला. "बघ! डावं पाखरू! मी म्हणत नव्हतो?"

बाबांनी डोळे मोठे केले. डाव्या मुठीनं पलंगाची कड बडवू लागले, एकदा, दोनदा, तीनदा. घशातून घरघर निघत होती. त्यांचा राग बघून पटाशीला रडूच कोसळलं. मग नर्सबाईनं सुई टोचली आणि ते पुन्हा गुंगीत गेले.

पटाशीनं डोळे पुसले. तिनं ठोक्याच्या पिशवीतून मोगरी बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली. हो, तिनंच दिली. हे पुढं तिनं कुणापासून लपवलं नाही.

"दादा, जीव घेऊ नकोस," ती म्हणाली. "हात घे. उजवा. ज्या हातानं मारलं, तो हात फोडून ये."

ठोक्या जिना उतरलासुद्धा. खाली दार आपटल्याचा आवाज आला.

खोलीत दोघं राहिली, आणि गुंगीत बाबा. दाजीनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याचे खांदे सैल पडले. पटाशीनं पाहिलं, आणि तिला बरं वाटलं, की निदान या माणसाचा तरी जीव थाऱ्यावर आहे.

"डावंच आहे," तो म्हणाला. "म्हणजे काकांकडचंच कुणीतरी."

"मग मी काय सांगतेय मघापासून?"

"मी जरा घरी जाऊन येतो. कपडे घेऊन येतो बाबांचे."

तेव्हा तिचं लक्ष त्याच्या कपड्यांकडे गेलं. तो नुसत्या सदऱ्यावर होता.

"तुमचा एप्रन कुठंय?"

"धुवायला टाकला."

"धुवायला?"

"हो. येतो मी." आणि तो गेला.

पटाशी स्टुलावर बसली. धुवायला! बारा वर्षांत रंगाऱ्यानं एप्रन कधी धुतला नव्हता. तिनंच शंभरदा डोकं फोडलं होतं, की अहो, तो एप्रन आता आपल्या पायानं चालत जाईल, द्या इकडे. तर म्हणायचा, धुऊन काय करायचं, संध्याकाळी पुन्हा निळाच. आणि आज, सासरा रक्तात पडलाय त्या दिवशी, यांना धुण्याची आठवण आली?

तिनं तो विचार झटकला. मनात पाप यायला काही वेळ लागत नाही, ती स्वतःलाच म्हणाली. कागद उचलला. पाखराकडे बघितलं.

आणि कुठून कोण जाणे, तिला शाळेतल्या बाई आठवल्या.

चौथीत असेल ती. प्रगतीपुस्तकावर पालकांची सही आणायची होती. बाबांनी पाखरू काढून दिलं. बाई काकांच्याच गल्लीत राहायच्या, त्यांना दोन्ही पाखरं पाठ. त्या हसून म्हणाल्या, "काय गं, सही काकांची आणलीस वाटतं? हे तर डावं पाखरू!" अख्खा वर्ग हसला. पटाशी रडत घरी आली आणि बाबांवर डाफरली. बाबा आधी गोंधळले, मग खो खो हसत सुटले. म्हणाले, "अगं, मी ठसे कोरणारा माणूस. ठशावर डावं काढलं तर कापडावर उजवं उमटतं. माझा हात कागदाला कापड समजतच नाही. त्याला सगळं लाकूडच."

पटाशी ताडकन उठली. स्टूल मागे पडलं.

तिनं कागद खिडकीशी नेला, उलटा केला आणि उजेडावर धरला. मागच्या बाजूनं पाखराची रेघ दिसली. पाखरू उजवीकडे बघत होतं.

आपलं. आपलं पाखरू. बाबांनी आपली खूण काढली होती, जशी ते नेहमी काढायचे तशी. आपल्याच घरातला माणूस, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ठोक्या सगळं आयुष्य कापडाकडे बघत आला, त्याला नाही समजलं, ठीक आहे. पण तू? तू कोरणारी ना? वीस वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलीस ना? ते पलंग बडवत होते ते रागानं नव्हतं, मूर्ख बाई, ते नाही नाही म्हणत होते!

आणि मोगरी तिनं स्वतःच्या हातानं दिली होती.

कागद पोलक्यात खुपसून ती जिन्यावरून उतरली ती उतरली नाहीच, पडतच खाली आली. एक चप्पल जिन्यात राहिली, दुसरी तिनं रस्त्यावर भिरकावली. दवाखान्यापासून काकांचा कारखाना चालत पंधरा मिनिटं. वाटेत एका हातगाडीला धडकली, शिव्या खाल्ल्या, एका सायकलवाल्याला बाजूला ढकललं. तोंडातून नुसतं "दादा, दादा" चाललं होतं, आणि ऐकायला दादा तिथं नव्हता.

काकांच्या दारापाशी बघ्यांची भिंत उभी होती. आतून तो आवाज येत होता. तो आवाज तिला चांगला ठाऊक होता, मोगरीचा, लाकडावर लाकूड. पण त्याच्यामध्ये काहीतरी मऊ होतं.

"सरका! मेल्यांनो, तमाशा बघताय? सरका!"

आत रंगाची तसराळी उलटली होती, लाल, काळा, पिवळा, सगळं जमिनीवर एक झालं होतं. काका भिंतीशी बसले होते, कपाळ फुटलेलं, हात जोडलेले. छापायच्या लांब टेबलावर लांब्या पालथा पडला होता. ठोक्यानं गुडघा त्याच्या पाठीत रोवला होता, डाव्या हातानं त्याचं उजवं मनगट टेबलावर दाबलं होतं, आणि उजव्या हातानं मोगरी उचलत होता आणि हाणत होता. छापतो त्याच लयीत. एक ठोका, थोडं पुढं. एक ठोका, थोडं पुढं. तीन बोटं झाली होती. लांब्याचं ओरडणं संपून आता नुसते हुंदके उरले होते.

"दादा! थांब! तो नाही!"

ठोक्यानं मान वर केली नाही. मोगरी वर गेली. पटाशीनं झेप घेऊन आपला हात मधे घातला.

मोगरी तिच्या हातावर बसली. कडकन आवाज आला, आणि क्षणभर तिला काही दिसेना. ठोक्याचं तोंड उघडं राहिलं.

"पटाशी! वेडी झालीस काय? मधे कशाला—"

"पाखरू उलटं आहे!" ती ओरडली. "उलटं आहे ते, दादा! बाबा लाकडावर काढतात! बाबा कधी कागदावर काढतच नाहीत!"

"काय बडबडतेस?"

काय सांगणार याला? तिनं चांगल्या हातानं पोलक्यातला कागद ओढून काढला आणि दारातल्या उन्हात उलटा धरला.

"बघ. आता बघ कुठं बघतंय."

ठोक्यानं कागदाकडे बघितलं. मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं. एप्रनवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते, पण त्यातूनही दिसत होतं. कागदातलं पाखरू आणि छातीवरचं पाखरू एकाच बाजूला बघत होतं. त्याच्या हातातली मोगरी गळून पडली.

"मग मी हे..." तो म्हणाला, आणि त्यानं लांब्याच्या हाताकडे बघितलं. तो टेबलाखाली वाकून ओकला.

लांब्या कुशीवर वळला. चेहरा पांढराफटक. "मी नाही," तो पुटपुटत होता. "मी सांगत होतो ना याला. मी सकाळपासून इथंच होतो. विचार आमच्या अप्पांना, ते काय भिंतीशी बसलेत. पटाशी, अगं, मी नाही."

"ठाऊक आहे रे, बाळा," ती म्हणाली. लहानपणी, वाटण्या व्हायच्या आधी, दोघं एकाच ताटात जेवायची. आज ते आठवून तिला स्वतःचा जीव नकोसा झाला. "तू नाहीस. आमचं चुकलं. माझं चुकलं. मीच पाठवलं याला."

पोलीस आले तेव्हा ठोक्यानं स्वतःच हात पुढं केले. नेताना तो दाराशी थांबला.

"मग कोण?" त्यानं विचारलं. "आपल्यातलं कोण?"

"तू जा आधी," पटाशी म्हणाली. नाव घेतलं असतं तर तो त्या दोन पोलिसांना घेऊनच धावत सुटला असता.

लांब्याला गाडीत घातलं. एक हवालदार तिला म्हणाला, की तुमचाही हात मोडलाय, चला. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या मागोमाग या. दहा मिनिटांनी या. दारातच थांबा." आणि हात पदराच्या झोळीत घेऊन चालू लागली. धुवायला टाकलेला तो एप्रन तिला शोधायचा होता.

बाबांच्या कारखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भुशावरचं रक्त आता काळं पडलं होतं. दाजी सरसाच्या चुलीपाशी उकिडवा बसला होता. चुलीत निळं कापड जळत होतं, ओला एप्रन नीट पेटत नव्हता, नुसता धुराचा लोट. तो फुंकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरानं की कशानं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तिला बघून तो उठला नाही.

"कळलं तर," तो म्हणाला.

पटाशीनं बाबांच्या पाटावरची पटाशी उचलली. आपल्याच नावाचं हत्यार डाव्या हातात धरलं आणि जाऊन त्याच्यावर चालवलं. तिनं नेम मानेवर धरला होता. पण त्यानं हात वर केला, आणि ती त्याच्या तळहातात घुसली, मागून टोक बाहेर आलं. तो ओरडला नाही. नुसता बसला, हातातून पटाशी उपसली आणि बाजूला ठेवली. रक्त मनगटावरून निळ्या कोपरापर्यंत गेलं.

"अजून मारायचं तर मार," तो म्हणाला.

"माझा बाप!" ती किंचाळली. "बारा वर्षं माझ्या बापाच्या घरात जेवलास! असं काय केलं त्यांनी तुझं? काय केलं, बोल!" बारा वर्षांत तिनं नवऱ्याला पहिल्यांदा अरे केलं होतं.

त्यानं सदऱ्याच्या आतून काहीतरी काढलं. लाकडाचा तुकडा, हाताएवढा, एका बाजूनं चिरलेला.

"मी कोरलं होतं," तो म्हणाला. "तीन वर्षं लागली. रंगखान्यात, तुम्ही सगळे जेवायला गेलात की. आज पुरं झालं. म्हटलं, बाबांना दाखवावं. माझ्या हातून लाकडावर काही झालेलं त्यांनी कधी बघितलं नाही. रंगात हात घालणारा जावई, एवढीच माझी किंमत. तर त्यांनी ते हातात घेतलं, फिरवलं, खालचा कोपरा बघितला आणि चेहराच बदलला त्यांचा. म्हणाले, हे आमचं नाही. चोरा, म्हणाले. घर फोडायला निघालास, म्हणाले. कुऱ्हाड घेतली आणि माझ्यासमोर दोन तुकडे केले. अर्धं चुलीत टाकलं. हे अर्धं टाकायला निघाले होते. मी म्हणत होतो, द्या ना, बाबा, राहू द्या ना. तर पुन्हा तेच. हे आमचं नाही. बारा वर्षं तेच ऐकतोय मी. आमची वेल, आमचं पाखरू, आमच्या घरातली गोष्ट. तूसुद्धा. आज दवाखान्यातसुद्धा." त्यानं मान हलवली. "मग त्यांचा तो हातच मला दिसला. कुऱ्हाड धरलेला. त्याच्यापुढचं आठवत नाही, असं खोटं नाही बोलणार मी. सगळं आठवतंय."

पटाशीनं तो तुकडा घेतला.

पान होतं. डाळिंबाचं नव्हतं. रंगखान्याच्या मागे, सांडपाण्याच्या गटारीच्या कडेला, जे तण उगवतं त्याचं पान. कातरलेल्या कडा, मधे अळीनं खाल्लेलं एक भोक, आणि भोकाच्या कडेनं शीर वळून गेलेली. तिनं ते तण रोज तुडवलं होतं. इतकं सुरेख पान तिनं कधी कोरलं नव्हतं, बाबांनीही कोरलं नव्हतं, आणि एवढ्या संतापातही तिच्यातल्या कोरणारीला ते दिसलं. यातच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

मग तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली.

पानाच्या देठाशी पाखरू होतं. गोल पाठ, शेपटी, चोच. लाकडावर ते उजवीकडे बघत होतं.

"हे पाखरू," ती म्हणाली. "हे कशावरून काढलंस?"

"एप्रनवरून. छातीवर होतं ना. तसंच्या तसं काढलं. पान नवीन आहे म्हणून रागावतील, पण निदान खूण आपली बघून..." तो थांबला. "का?"

पटाशीनं त्याचं मनगट धरलं. रक्तानं भरलेल्या तळहातावरून ठसा फिरवला, आणि टेबलावर ताणून ठेवलेल्या पांढऱ्या कापडावर दाबला. डाव्या हातानं वरून एक ठोका हाणला, भावासारखा. उचलला.

कापडावर पान उमटलं होतं, लाल, भोकासकट. आणि देठाशी पाखरू. डावीकडे बघणारं.

दाजी बघत राहिला. आधी त्याला काही कळलंच नाही. मग त्याची नजर हळूहळू भिंतीकडे गेली. तिथं खिळ्याला निळ्या दोऱ्यानं एक वेडावाकडा ठसा टांगला होता. पटाशीचा पहिला, आठव्या वर्षीचा. तिनंही पाखरू कापडावरून बघून तसंच्या तसं कोरलं होतं, आणि छापलं तर डावं आलं होतं. ठोक्यानंही पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं. या घरात हत्यार धरलेल्या प्रत्येक पोरानं हेच केलं होतं. त्या दिवशी बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. "ही कार्टी काकांकडे कामाला जाणार बघा," म्हणाले होते, आणि तिला उचलून घेऊन सगळ्या कारखान्याला तो ठसा दाखवत फिरले होते.

जावयानं कोरलं तर त्यांना चोरी दिसली. लाकूड वाचायला बाबा चुकले नव्हते. चुकले ते माणूस वाचायला. आणि उद्या गुंगी उतरली की हे त्यांना सांगायचं तिच्याच कपाळी होतं.

बाहेर बुटांचे आवाज आले आणि दाराशी थांबले. कुणीतरी खाकरलं.

दाजीनं जखमी हात छातीशी धरला. "अगं, पण मी आपलंच कोरलं होतं," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. आपलंच होतं ते."

"लाकडावर," पटाशी म्हणाली, आणि जाऊन तिनं दार उघडलं.